लाभ, दोन, तीन

नववीच्या वर्गावर वर्षाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच आकडा लिहीत असे : बारा. मग खडू खाली ठेवून विचारत असे, "हे किती आहे?" मुले एकमेकांकडे पाहत. कोणी म्हणे, बारा. कोणी हुशारी दाखवून म्हणे, एक डझन. मी मान हलवीत राही. शेवटी मागच्या बाकावरचे कोणीतरी कंटाळून विचारी, "मॅडम, बारा काय पन?"

तो प्रश्न आला की माझा तास सुरू होई. बारा मीटर, बारा किलोग्रॅम, बारा सेकंद : आकड्याच्या शेजारी एकक बसले म्हणजे राशी पुरी होते. एकटा आकडा म्हणजे नुसता आवाज. चौतीस वर्षे मी हा धडा असाच सुरू केला, आणि सेवानिवृत्तीनंतरही जून उजाडला की मनात तो आकडा फळ्यावर उमटतो.

"बारा काय?" हा प्रश्न मात्र मी शाळेत शिकले नाही. लहानपणी ओसरीवर बसून मोठ्याने पाढे म्हणू लागले की बाबा आतून विचारीत, "बारा काय, बाई? शेर, का पायल्या?" मी म्हणे, "नुसते बारा." ते म्हणत, "नुसते बारा कोनी घेत नाई बजारात."

बाबा मापारी होते. अमडापूरच्या आठवडी बाजारात आणि आसपासच्या खळ्यांवर धान्य मोजून देणे हे त्यांचे काम. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये उकिडवा बसलेला मापारी, जो दोघांपैकी कोणाचाही नाही. बाजारात किलोचे काटे येऊन फार वर्षे झाली होती आणि कायद्याच्या दृष्टीने पायलीला काही अर्थ उरला नव्हता. पण खळ्यावर वाटा घालायचा असो किंवा घरासाठी वर्षाची ज्वारी भरायची असो, लोकांच्या मनाला पायलीनेच समाधान होई. दोन अधोल्यांची एक पायली, सोळा पायल्यांचा एक मण. पायलीही गावोगाव सारखी नव्हती. साखरखेर्ड्याकडचा कोणी आला की बाबा रासेला हात लावण्याआधी विचारीत, "पायली कोनती धरू? तुमची का आमची?" एकक आधी ठरवावे आणि मोजणी मागून करावी, हे प्रमाण एककांचे सगळे तत्त्व मी पुढे पुस्तकात वाचले तेव्हा मला त्यात नवे काही वाटले नाही.

त्यांच्या मोजण्याची एक रीत होती. पायली राशीत खुपसून भरायची, वर दाण्यांची शीग आपोआप राहील तेवढीच राहू द्यायची, तळव्याने दाबायची नाही की बोटाने पाडायची नाही. माप पोत्यात ओतले की आकडा मोठ्याने म्हणायचा, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा. गप्प राहून मोजणाऱ्या मापाऱ्यावर कोणी भरवसा ठेवीत नसे. मोजणी चालू असताना कोणी काही विचारले तरी उत्तर द्यायचे नाही; आकडा सोडून दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. दर वीस पायल्यांना खिशातला एक चिंचोका काढून बाजूला ठेवायचा. आणि पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. राशीसमोर बसून एकटेपणाचा आकडा उच्चारू नये, अशी समजूत. शून्याचे तर नावच नको. समोर लक्ष्मी पसरलेली असताना शून्य कोण म्हणेल?

मी बोलायला शिकले ती मोजणी हीच. बोरे मोजताना, पायऱ्या चढताना, मायच्या वांग्याच्या वाफ्यातली रोपे मोजताना माझ्या तोंडी लाभ, दोन, तीन असे. शाळेत मी 'एक' म्हणायला शिकले खरी. पण ते मोठ्याने म्हणण्यापुरते. मनातल्या मनात मोजायची वेळ आली की जुनीच मोजणी सुरू होई. याकडे माझे स्वतःचेही लक्ष नव्हते.

अकरावी-बारावीला मी विज्ञान घेतले आणि चिखलीच्या कॉलेजात एसटीने जाऊ-येऊ लागले. आमच्या गल्लीतून विज्ञानाला गेलेली मी पहिलीच मुलगी. माझ्या पाठीवर दोघी बहिणी होत्या. वर्ष वाया गेले तर पुढचे शिक्षण नाही, हे घरात कोणी बोलून दाखवले नव्हते आणि सगळ्यांना ठाऊक होते. मला शिक्षिका व्हायचे होते. त्यासाठी बारावी एका दमात पार पडायला हवी होती.

बारावीच्या माघ महिन्यात प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली. नियम असा की वर्षभर केलेल्या प्रयोगांची जर्नल पुरी करून त्यावर सरांची सही घ्यायची. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. माझे सगळे प्रयोग तपासून झाले होते. उरला होता एकच, आणि तोही सर्वांत सोपा समजला जाणारा : साधा लंबक.

प्रयोग असा असतो. बुचाच्या दोन फाकांमध्ये दोरा अडकवून त्याला पितळी गोळा टांगायचा. गोळा किंचित बाजूला ओढून सोडायचा. तो पलीकडे जाऊन परत आला की एक दोलन पुरे झाले. अशा वीस दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा, त्याला विसाने भागून एका दोलनाचा काळ काढायचा आणि दोऱ्याच्या लांबीवरून गुरुत्व त्वरण काढायचे. म्हणजे पृथ्वी वस्तूला किती जोराने आपल्याकडे खेचते, त्याचे माप. ते सुमारे ९.८ यायला हवे. माझे आले १०.८.

मी लांबी बदलली. १०.९. पुन्हा बदलली. १०.८. दोरा बदलला, स्टॉपवॉच बदलून घेतले, गोळ्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने तीन वेळा मोजला. उत्तर हलले नाही. आलेख काढला तर सगळे बिंदू एका सरळ रेषेत आले.

भौतिकशास्त्राचे सर सातारा भागातून आलेले होते. त्यांनी आलेख उजेडाकडे धरला.

"रेषा सुरेख आहे," ते म्हणाले. "उत्तर चुकलेलं आहे. तुमच्या अमडापूरला पृथ्वी जास्त ओढते का?"

मागे हशा पिकला.

"मी प्रयोग चिखलीतच केलाय सर," मी म्हणाले.

"मग चिखलीत पुन्हा कर. शुक्रवारी जर्नल जमा होणार. हे असं असेल तर मी सही करणार नाही."

तो बुधवार होता.

माझ्या टेबलावरच्या मैत्रिणीची जर्नल केव्हाच पुरी झाली होती. तिचे उत्तर ९.८१ होते. बाहेर पाणी प्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "अवं, उलटं मांड नं. नऊ-आठ धर आन् मांगं-मांगं जाय. दोलनकाळ काढ, मंग सेकंद लिहून टाक."

"म्हंजे न मोजता?"

"साऱ्यायनं तसंच केलं. तूच येकटी खरंखुरं मोजत बसली."

"सरांना समजत नाही?"

"सरायनं बी त्यायच्या टायमाले तसंच केलं असन," ती म्हणाली आणि ओंजळ तोंडाला लावली.

मी गुरुवारी पुन्हा दोनदा प्रयोग केला. १०.८. आता मला माझ्या डोळ्यांचाच संशय येऊ लागला. आज विद्यार्थ्यांना मी सांगते की त्रुटी दोन जातींच्या असतात. एक जात स्वैर : कधी जास्त, कधी कमी, तिला सरासरीने लगाम घालता येतो. दुसरी जात शिस्तीची : ती प्रत्येक वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला असते, म्हणून मापे एकमेकांशी छान जुळतात आणि सगळी मिळून खोटी असतात. कितीही वेळा मोजा, ती दिसत नाही. हे मी तेव्हाही पाठ केलेले होते, परीक्षेत गुण मिळवण्यापुरते.

गुरुवारी दिवेलागणीला घरी आले. माय ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. बाबा खळ्यावरून आलेले, अंगावर अजून ज्वारीचा भुसा. मी कंदिलाशेजारी, कारण वीज तेव्हा संध्याकाळी हमखास जाई, जर्नल उघडून बसले. खोडरबर काढला आणि पहिल्या ओळीतले ३८.१ सेकंद पुसले. त्या जागी ४०.१ लिहायचे होते. मैत्रिणीच्या हिशेबाप्रमाणे सगळे उलटे मांडून माझ्याजवळ तयार होते.

बाबा चहा पीत होते. कप खाली न ठेवताच ते म्हणाले, "काय पुसून राह्यली?"

"आकडे."

"कोनाचे?"

"माह्येच."

"मोजलेले का मांडलेले?"

"मोजलेले."

"मंग पुसते काऊन?"

मी सगळे सांगितले. सहीचे, शुक्रवारचे, सर पृथ्वीबद्दल बोलले तेही. ते ऐकून मायनेच पहिल्यांदा तोंड उघडले. "आमच्या गावची जमीन जादा वढते म्हना त्याले. वावरात निंदाले येऊन पाह्य म्हना येक दिवस."

बाबा हसले नाहीत. "किती याले पायजे म्हनते?"

"नऊ पूर्णांक आठ."

"नऊ काय?"

आयुष्यभराचा तो प्रश्न इथेही आलाच. मी म्हणाले, "मीटर. दर सेकंदाले, दर सेकंदाले."

"सेकंद दोन डाव?"

"हाव."

"येकदा मोजलं ते पुन्हा काऊन मोजता?"

मी समजावू लागले. वस्तू पडू लागली की तिचा वेग एका सेकंदात जितका होतो, पुढच्या सेकंदात त्यात तितकीच भर पडते. म्हणून वेगातला सेकंद एक आणि ती भर पडण्याचा सेकंद दुसरा. बाबांनी डोळे मिटून ते मनात घोळवले. मग म्हणाले, "म्हनूनच माळ्यावरून पडलेली पायली चेपते, आन् हातातून पडलेली चेपत नाई."

"हाव बाबा. तेच."

"मंग गोष्ट खरी हाय. तुह्यं मोजनं पाहू दे."

आम्ही गोठ्याच्या आडूला, छपराखालच्या आडव्या लाकडाला, सुतळी बांधली आणि खाली दाराचे पितळी कुलूप टांगले. मीटरपट्टी नव्हती, मायच्या शिलाईचा टेप होता. शंभर सेंटिमीटर मोजून मी गाठ पक्की केली. घड्याळ बाबांच्या हातात होते ते मी मागितले.

"बापलेक कुलूप हालवून राह्यले," माय शेजारणीला भिंतीवरून म्हणाली. "घर उघडं टाकून."

मी कुलूप बाजूला ओढले आणि ओठ मिटून मोजायच्या तयारीत उभी राहिले. बाबा म्हणाले, "गप नको मोजू. मले आयकू आलं पायजे."

मी कुलूप सोडले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "लाभ."

ते गेले आणि आले. "दोन." गेले आणि आले. "तीन." बाबा गव्हाणीच्या कडेवर बसून होते. कुलूप त्यांच्या बाजूला परतले की ते खिशातून एक चिंचोका काढून गव्हाणीवर ठेवीत होते. मी वीस म्हणाले आणि कुलूप धरले. अडतीस सेकंद. कॉलेजात यायचे तेच.

"एकोनीस," बाबा म्हणाले.

"वीस झाले बाबा."

"मोज."

मी चिंचोके मोजले. एकोणीस होते. पुन्हा कुलूप सोडले. मी वीस म्हणाले, गव्हाणीवर एकोणीस. तिसऱ्यांदा मीच चिंचोके ठेवले आणि तेही एकोणीसच भरले. वर्षभर ज्या मोजणीवर माझा सर्वांत जास्त विश्वास होता तीच एका मापाने कमी भरत होती.

बाबा उठून आले. त्यांनी कुलूप आपल्या हातात घेतले आणि बाजूला ओढून तसेच धरून ठेवले.

"आता काय झालं?"

"काही नाई झालं."

"मंग लाभ काऊन म्हनते? तू पायली भरायच्या आधीच लाभ म्हनून राह्यली. माप पोत्यात पडलं का मंग आकडा. रिकाम्या पायलीले आकडा देला तं घेनारा येका मापानं बुडला का नाई?"

धान्यात पहिले माप हाती येते तेव्हा ते भरलेलेच असते. म्हणून मापारी लाभ म्हणतो आणि ते खरे असते. दोलनात पहिला क्षण रिकामा असतो. गोळा सोडला तेव्हा काहीच पुरे झालेले नसते. तो जाऊन परत येईल तेव्हा पहिले माप भरते. मी भरलेल्या पायलीचा शब्द रिकाम्या क्षणाला देत होते, प्रत्येक वेळी, मनातल्या मनात, कोणाला ऐकू न येता.

"मंग सोडताना काय म्हनू?" मी विचारले. "पुस्तकात शून्य म्हणतात."

त्यांनी मान हलवली. तो शब्द त्यांना गोठ्यातसुद्धा नको होता. "काहीच म्हनू नको. तोंड बंद ठेव. आलं का मंग लाभ."

त्यांनी कुलूप सोडले. मी गप्प राहिले. ते गेले, आले. "लाभ," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

त्या फेरीला विसावा चिंचोका ठेवला तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद होऊन गेले होते.

आत येऊन मी पुसलेल्या जागी ३८.१ पुन्हा लिहिले. ते बरोबर नव्हते, पण मोजलेले होते. त्याखाली आडवी रेघ ओढली आणि लिहिले की ही दोलने एकोणीस आहेत, मोजणीची सुरुवात चुकली होती. शुक्रवारी सकाळी नवे वाचन घेते.

शुक्रवारी मी पहिल्या एसटीने गेले. प्रयोगशाळेचा शिपाई नुकताच खिडक्या उघडत होता. सर आले तेव्हा माझी दुसरी लांबी चालू होती, आणि मी मोठ्याने मोजत होते. बाबांच्या समोर मोजल्यापासून मला गप्प मोजणे धोक्याचे वाटू लागले होते. गोळा सुटला, मी तोंड मिटून उभी राहिले. तो परत आला.

"लाभ," मी म्हणाले. "दोन. तीन."

सर दारातच थांबले. विसावर मी बटण दाबले तेव्हा ते म्हणाले, "लाभ हे काय?"

"एक, सर. आमच्याकडे मापारी पहिल्याला लाभ म्हणतात."

"आणि सुरुवातीला तू काहीच म्हटलं नाहीस."

"माप भरलं नव्हतं, सर."

त्यांनी माझी जर्नल ओढून घेतली आणि रेघेखाली लिहिलेले वाचले. मग खिशातून पेन काढून स्वतःच एका कोपऱ्यात जुनी वाचने विसाऐवजी एकोणिसाने भागून पाहिली. पहिले उत्तर आले ९.८ च्या जवळ. दुसरेही. तिसरेही. त्या चुकलेल्या सरळ रेषेतले सगळे बिंदू एकदम जागेवर येऊन बसले. माझे नवे उत्तर ९.७७ होते.

"पुसलं का नाहीस?" त्यांनी विचारले.

"मोजलेलं होतं, सर."

मग त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि जर्नल परत देताना म्हणाले, "परीक्षेला बाहेरचे परीक्षक असतील. मोठ्याने मोजू नकोस. मोजलंसच तर निदान एक म्हण."

परीक्षेत मला लंबकाची चिठ्ठी निघालीच नाही. निघाला ध्वनीच्या अनुनादाचा प्रयोग, पाण्याची नळी आणि ट्यूनिंग फोर्क, ज्यात दोलने मोजायचीच नव्हती, कान देऊन नळीतली लांबी टिपायची होती. पण ती नंतरची गोष्ट.

त्या शुक्रवारी दुपारच्या एसटीने उतरून मी घरी न जाता सरळ खळ्यावर गेले. गावाबाहेरच्या वावरात ज्वारीची रास पडलेली, भोवती वाटेकरी आणि घेणारे उभे, आणि मध्ये बाबा. पायली भरत होती, पोत्यात पडत होती. मोजणी चालू होती, म्हणजे मला बोलता येत नव्हते आणि त्यांना विचारता येत नव्हते. मी राशीच्या पलीकडच्या कडेला, त्यांना दिसेन अशी उभी राहिले आणि जर्नल छातीशी धरली.

"अकरा," बाबा म्हणाले आणि वर पाहिले.

मी मान डोलावली.

त्यांनी पायली राशीत खुपसली, भरून वर उचलली. मी त्या शिगेकडे पाहत होते. ती रोजच्याएवढीच होती, एका दाण्यानेही उंच नाही. माप पोत्यात पडले, तेव्हा ते म्हणाले, "बारा."